प्रिंटर सारखा ‘ऑफलाइन’ दाखवतो? ऑफिसच्या नेटवर्क प्रिंटरचा कायमचा बंदोबस्त



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एकच प्रिंटर ऑफिसातल्या चार-पाच कॉम्प्युटरना कसा जोडायचा ते पाहिलं. पण व्हिडिओत क्लिक पटापट होतात, सारखं मागे-पुढे करत बसावं लागतं. म्हणून सगळ्या पायऱ्या इथे लिहून देतोय. हे पान आजच प्रिंट करून भिंतीला चिकटवा. प्रिंटर बंद पडल्यावर ते प्रिंट करता येणार नाही!

आधी एक प्रसंग सांगतो. एका व्यापाऱ्याचा मला संध्याकाळी फोन आला. माल भरलेला टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर घाई करतोय, पण बिलाशिवाय गाडी सोडता येत नाही आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतोय. मालकांनी तीनदा ड्रायव्हर टाकला होता, केबल बदलून पाहिली होती, नवीन प्रिंटरची किंमतही विचारून झाली होती. मी जाऊन पाहिलं. दुपारी लाइट गेली होती, तेवढ्यात प्रिंटरचा पत्ता बदलला होता. दुरुस्तीला लागली दहा मिनिटं, पण टेम्पो दोन तास उभा होता.

पत्ता बदलतो म्हणजे काय?

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक आयपी ॲड्रेस असतो. समजा, १९२.१६८.१.२५. हा पत्ता राउटर देतो, पण देतो तो भाड्याच्या खोलीसारखा, ठरावीक मुदतीपुरता. प्रिंटर रात्रभर बंद राहिला किंवा लाइट जाऊन राउटर रीस्टार्ट झाला की तीच खोली दुसऱ्याच कोणाच्या मोबाइलला मिळू शकते. मग प्रिंटर जातो नव्या खोलीत आणि तुमचा कॉम्प्युटर बिल पाठवत बसतो जुन्या खोलीवर. तिथून उत्तर येत नाही, म्हणून कॉम्प्युटर म्हणतो ‘ऑफलाइन’. प्रिंटर बिचारा ठणठणीत असतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे प्रिंटरला स्वतःचं कायमचं घर द्या.

पायरी १ : जोडणी

प्रिंटरला लॅन केबलची जागा असेल तर सरळ केबल लावा. वाय-फायपेक्षा ती भरवशाची. वाय-फायच वापरायचं असेल तर दोन गोष्टी बघा. बरेच स्वस्त प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्यांना ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसतच नाही. आणि प्रिंटर ‘गेस्ट’ वाय-फायला जोडू नका. तिथली यंत्रं सहसा बाकीच्या नेटवर्कशी बोलू शकत नाहीत.

पायरी २ : पत्ता पक्का करणे

प्रिंटरच्या मेनूमधून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा. त्यावर आयपी ॲड्रेस आणि मॅक ॲड्रेस दोन्ही मिळतील. आता ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून लॉगिन करा (बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो; टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे). ‘डीएचसीपी’ विभागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा, प्रिंटरचा मॅक ॲड्रेस टाका, त्याच्यासमोर हवा तो आयपी लिहा आणि सेव्ह करा. मग प्रिंटर बंद करून चालू करा आणि तेच पान परत छापून पत्ता तोच आला का बघा.

इथे एक चूक हमखास होते. वाय-फायचा आणि केबलचा मॅक ॲड्रेस वेगवेगळा असतो. उद्या तुम्ही वाय-फायवरून केबलवर आलात तर रिझर्व्हेशन नव्याने करावं लागेल. राउटर बदललात तरी हेच.

पायरी ३ : कॉम्प्युटरवर प्रिंटर टाकणे

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स ॲण्ड स्कॅनर्स’ उघडा आणि ‘ॲड’ दाबा. लिस्टमध्ये प्रिंटर आपोआप दिसला तरी मोह टाळा. थोडं थांबलं की ‘ॲड मॅन्युअली’ येतं, ते घ्या. त्यात आयपी ॲड्रेसने प्रिंटर टाकण्याचा पर्याय निवडा, प्रकार ‘टीसीपी/आयपी डिव्हाइस’ ठेवा आणि पक्का केलेला पत्ता लिहा. ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवरून, तुमच्या मॉडेलचाच घ्या.

मोह टाळा असं का म्हणतो? आपोआप टाकलेल्या प्रिंटरला विंडोज पुष्कळदा ‘डब्ल्यूएसडी’ नावाचा पोर्ट लावते. तो प्रिंटरला दर वेळी नेटवर्कवर शोधत बसतो, आणि सापडला नाही की पुन्हा ऑफलाइन. तुमच्याकडे आधीच असं झालं असेल तर ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधल्या ‘पोर्ट्स’ टॅबवर जाऊन टीसीपी/आयपी पोर्ट जोडून घ्या.

जाता जाता ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करा. ते चालू असलं की शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो आणि तुमचं बिल पीडीएफ होऊन बसतं.

यूएसबी प्रिंटर शेअर केलाय?

एका कॉम्प्युटरला यूएसबीने लावून बाकीच्यांना शेअर करता येतो, पण तो कॉम्प्युटर बंद झाला किंवा झोपला की सगळ्यांचं काम थांबतं. शिवाय सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरवर ०x०००००११बी हा एरर बऱ्याच जणांना आला. रजिस्ट्रीत एक बदल केला की तो जातो, पण त्याने विंडोजने लावलेलं एक सुरक्षेचं कुलूपच निघतं. तात्पुरती सोय म्हणूनही मी तो सुचवणार नाही. दोन्ही कॉम्प्युटरवर अपडेट पूर्ण करा आणि पुढचा प्रिंटर नेटवर्कचाच घ्या.

बंद पडला तर याच क्रमाने बघा

१. सगळ्यांकडे बंद आहे की एकाच्याच कॉम्प्युटरवर? सगळ्यांकडे असेल तर दोष प्रिंटर, केबल किंवा राउटरचा. एकाकडेच असेल तर प्रिंटरला हात लावू नका, त्या कॉम्प्युटरकडे बघा.

२. प्रिंटरवर लाल दिवा, कागद अडकलेला, ट्रे रिकामा? हसू नका, निम्मे फोन इथेच संपतात.

३. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पिंग’ आणि पुढे प्रिंटरचा पत्ता टाका. प्रिंटरच्या पत्त्यावरून ‘रिप्लाय’ आला तर रस्ता मोकळा आहे. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ किंवा ‘अनरीचेबल’ आलं तर केबल, वाय-फाय आणि पत्ता तपासा. नीट वाचा हं: ‘अनरीचेबल’च्या ओळीतही ‘रिप्लाय फ्रॉम’ दिसतं, पण तो पत्ता बहुतेकदा तुमच्याच कॉम्प्युटरचा असतो!

४. पिंग चालतंय तरी ऑफलाइन? प्रिंटरच्या रांगेत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’वर टिक राहिली असेल तर काढा. तरी नाही झालं तर पोर्टच्या ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस’ची टिक काढून बघा. या चौकशीला प्रिंटरने उत्तर दिलं नाही की चालू प्रिंटरही बंद दिसतो.

५. रांगेत एक काम अडकलंय आणि डिलीटही होत नाही? ‘सर्व्हिसेस’ उघडा, ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा. मग सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली काढा. फक्त आतल्या फाइली, फोल्डर नाही. स्पूलर परत चालू करा. त्या कॉम्प्युटरवरून पाठवलेली सगळी राहिलेली कामं यात जातात, ती पुन्हा द्यावी लागतील.

यातलं काहीच चाललं नाही, तेव्हा ड्रायव्हर काढून नव्याने टाका. लोक सुरुवात इथून करतात, म्हणून दोन तास जातात.

शेवटचं, पण महत्त्वाचं

प्रिंटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं स्वतःचं सेटिंगचं पान उघडतं. तिथला कंपनीचा मूळ पासवर्ड बदला. तुमची बिलं, पगारपत्रकं, ग्राहकांची आधार कार्डं याच यंत्रातून जातात.

आणि प्रिंटरवर एक स्टिकर लावा: नाव, मॉडेल, आयपी ॲड्रेस. तुम्ही बाहेरगावी असताना ऑफिसातल्या पोराला फोनवरून समजावायचं असेल तर तो स्टिकरच कामाला येईल.

आज दुकान बंद करण्याआधी निदान पायरी २ करून टाका. टेम्पो दारात उभा राहील तेव्हा माझी आठवण येईल, पण फोन करावा लागणार नाही. भेटू पुढच्या व्हिडिओत!