दामदुपटीचें गणित

वाढ दोन प्रकारची असते. एक बेरजेची, दुसरी गुणाकाराची. भिंतीवर रोज विटांचा एकेक थर चढविला तर ती बेरजेनें वाढते. विरजणांतील जंतु मात्र गुणाकारानें वाढतात. कारण तेथें वाढलेला भागही स्वतः वाढूं लागतो. कर्जाचें चक्रवाढ व्याज या दुसऱ्या जातीचें आहे.

समजा, एका गृहस्थानें १०,००० रुपये दरमहा शेंकडा ३ या दरानें कर्जाऊ घेतले व पांच वर्षें एक पैही परत केली नाहीं. व्याज सरळ असेल तर महिन्यास ३०० प्रमाणें साठ महिन्यांत १८,००० होऊन एकूण देणें २८,००० भरेल. चक्रवाढीनें पहिल्या महिन्याचें व्याज ३००, दुसऱ्याचें ३०९. फरक अवघा नऊ रुपयांचा. परंतु दर महिन्यास मागील रकमेला १.०३ नें गुणावयाचें, म्हणजे अखेरीस १.०३ चा साठावा घात घ्यावयाचा. तो सुमारें ५.८९ येतो; देणें ५८,९०० च्या घरांत जातें. येथें काळ घातांकाच्या जागीं बसतो, म्हणून या वाढीस घातांकी वाढ म्हणतात.

ऋणकोचा खरा प्रश्न मात्र उलट असतो: कर्ज दुप्पट केव्हां होईल? येथें घाताची किंमत ठाऊक असून घातांक शोधावयाचा असतो. या शोधावयाच्या घातांकासच लॉगरिथम हें नांव आहे. १०० हा १० चा दुसरा घात, म्हणून १०० चा लॉगरिथम २. तसाच १,००० चा ३. या दोन संख्यांचा गुणाकार १,००,०००. त्याचा लॉगरिथम २ अधिक ३, म्हणजे ५. गुणाकाराचें काम बेरजेवर भागतें तें असें.

ही युक्ति स्कॉटलंडमधील जॉन नेपियर यानें १६१४ सालीं प्रसिद्ध केली. पुढें हेन्री ब्रिग्ज यानें १० हा पाया धरून १६२४ सालीं विस्तृत कोष्टकें छापलीं. ज्योतिषी व नाविक यांचे कित्येक दिवसांचे आंकडेमोडीचे श्रम त्यामुळें वांचले. आज तें काम गणकयंत्रें करतात. पण विचार तोच आहे.

आतां कर्जाकडे वळूं या. २ चा लॉगरिथम ०.३०१० आणि १.०३ चा ०.०१२८४. पहिल्यास दुसऱ्यानें भागलें असतां सुमारें साडेतेवीस येतात. म्हणजे दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच मुदल दुप्पट. आणखी तितक्याच महिन्यांत चौपट.

हिंदु धर्मशास्त्रांतील व मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनीं मानलेला दामदुपटीचा नियम असा कीं, एका वेळीं मुदलाहून अधिक व्याज वसूल करतां येत नाहीं. शास्त्रकारांजवळ लॉगरिथमचीं कोष्टकें नव्हतीं. परंतु अशी वाढ आपण होऊन थांबत नाहीं, तिला बाहेरून बांध घालावा लागतो, हें त्यांनीं ओळखलें होतें असें या नियमावरून दिसतें.

फार मोठे आंकडे आटोक्यांत आणण्यासही लॉगरिथम उपयोगी पडतो. १९३५ सालीं रिश्टर यानें भूकंपाच्या मापनांत त्याचा उपयोग केला. १९९३ सालचा किल्लारीचा भूकंप ६.२ प्रतीचा होता. ५.२ प्रतीच्या भूकंपाहून त्याचा आंकडा एकानेंच मोठा. पण मोकळी झालेली ऊर्जा सुमारें बत्तीसपट. अशा मापावरील एक अंक लहान समजून चालत नाहीं.

कोष्टक जवळ नसलें तरी गृहस्थास एक सोपी रीत पुरते. ७२ ला व्याजाच्या दरानें भागावें. दुप्पट होण्याचा काळ जवळजवळ बरोबर येतो. दरसाल शेंकडा ८ च्या ठेवीस नऊ वर्षें, तर दरमहा शेंकडा ३ च्या कर्जास चोवीस महिने. ठेव सावकाश चालते, कर्ज धांवतें. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं एवढा एक भागाकार घरांतील शाळकरी मुलासही करतां येईल. आणि तो सहीपूर्वींच करावयास हवा.