पाण्यातली सगळीच हिरवळ जलपर्णी नव्हे

पाषाण तलावात किंवा मुठा नदीत हिरवं काही दिसलं, की पुण्यात त्याला सरसकट जलपर्णी म्हटलं जातं. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, फुगीर देठांवर तरंगणारी. पोटॅमोजेटॉन (तळाच्या चिखलात मुळं रोवणारी पाणवनस्पती) वेगळी. पाणपक्ष्यांचं ते हक्काचं खाद्य, म्हणून ती ओळखायलाच हवी.

मात्र एकच पान बघून पोटॅमोजेटॉनची जात ठरवू नये. कोथिंबिरीला खाली रुंद आणि फुलोऱ्याजवळ बारीक पानं येतात, तसंच नोडोसस या जातीचं: तरंगतं पान लंबगोल, लांब देठाचं, बुडालेलं पातळ, लांबट. क्रिस्पसच्या पानाची कड नागमोडी, बारीक दातेरी. खोड किंचित चपटं, फळाला लांब चोच. पेक्टिनॅटसची पानं अगदी अरुंद. पान ओढलं, की खोडाभोवतीचं आवरणही सोबत सुटून येतं.