बाटलीबंद पेयजल : गुणवत्ता नियंत्रण

विहीर, कूपनलिका वा सार्वजनिक नळयोजना यांतून घेतलेल्या पाण्यावर आवश्यक ते संस्करण करून ते पिण्यासाठी सीलबंद पात्रात भरले असता त्यास ‘बाटलीबंद पेयजल’ म्हणतात. नैसर्गिक खनिज जल याहून भिन्न असून ते उद्‌गमाजवळच व मूळचे खनिज संघटन कायम राखून भरावे लागते. भारतात पहिल्यासाठी आयएस १४५४३ व दुसऱ्यासाठी आयएस १३४२८ ही मानके आहेत.

पाण्याची शुद्धता डोळ्यांना दिसत नाही. आर्सेनिक, कीटकनाशकांचे अवशेष किंवा रोगकारक सूक्ष्मजंतू यांमुळे पाण्याचा रंग वा चव बदलेलच असे नाही. तसेच तपासणीसाठी उघडलेली बाटली विक्रीयोग्य राहत नाही. त्यामुळे प्रत्येक बाटली तपासणे अशक्य असते. म्हणून या उद्योगातील गुणवत्ता नियंत्रण तयार मालाच्या परीक्षेवर नव्हे, तर उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावरील देखरेखीवर आधारलेले असते. अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमासाठी लागणाऱ्या अन्नाच्या निमित्ताने १९६० नंतरच्या दशकात विकसित झालेल्या ‘धोका विश्लेषण व निर्णायक नियंत्रण बिंदू’ या पद्धतीचे तत्त्व हेच आहे.

संस्करण व नियंत्रण : कच्च्या पाण्यातील गाळ वाळूच्या गाळणीत अडविला जातो. सक्रियित कार्बन पाण्यातील क्लोरीन, दुर्गंध व काही कार्बनी प्रदूषके शोषून घेतो. ‘आरओ’ या नावाने परिचित असलेल्या व्यस्त तर्षणात दाबाखाली पाणी अर्धपार्य पटलातून नेऊन विरघळलेले क्षार कमी करतात. शेवटी सूक्ष्म गालन, जंबुपार किरण व ओझोन यांनी निर्जंतुकीकरण होते.

यांतील प्रत्येक साधन योग्य देखभालीअभावी निकामी ठरते. क्लोरीन निघून गेल्यावर कार्बनाच्या थरातच जंतूंची वाढ होऊ शकते. पटलास छिद्र पडल्यास निघणाऱ्या पाण्याची विद्युत् संवाहकता वाढते. म्हणून तिची सतत नोंद ठेवतात. जंबुपार दिव्याचे तेज वापरानुसार घटते आणि पाणी गढूळ असल्यास किरण जंतूंपर्यंत पोहोचत नाहीत. ओझोन बाटलीचा व झाकणाचा अंतर्भागही निर्जंतुक करतो. परंतु थोड्या वेळात त्याचे ऑक्सिजनात रूपांतर होत असल्याने पुढील संरक्षण केवळ घट्ट सीलवर अवलंबून राहते.

शुद्धीकरणाची क्रियाच कधीकधी दोषाचे कारण बनते. पाण्यात ब्रोमाइड असल्यास ओझोनामुळे ब्रोमेट तयार होते. दीर्घकालीन सेवनाने कर्करोगाचा धोका वाढविणारे द्रव्य म्हणून त्याची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिग्रॅ. ठेवलेली आहे. मार्च २००४ मध्ये ब्रिटनमध्ये ‘दसानी’ या पाण्याच्या सुमारे ५ लाख बाटल्या याच कारणाने परत घ्याव्या लागल्या. पाण्यात मुद्दाम मिसळलेल्या कॅल्शियम क्लोराइडातून ब्रोमाइड आले व ओझोनाने त्याचे ब्रोमेट झाले.

परीक्षणे : भौतिक व रासायनिक परीक्षणांत गढूळपणा, विरघळलेले घन पदार्थ, नायट्रेट, फ्ल्युओराइड, शिसे, आर्सेनिक इत्यादींचे मापन होते. सूक्ष्मजैविक परीक्षणासाठी ठरावीक आकारमानाचे पाणी सूक्ष्मरंध्री पटलातून गाळतात व पटलावर अडकलेले जंतू पोषक माध्यमावर वाढवितात. २५० मिलि. पाण्यात कोलिफॉर्म व एश्चेरिकिया कोलाय हे जंतू मुळीच आढळता कामा नयेत. त्यांची उपस्थिती मलजन्य प्रदूषणाची शक्यता सूचित करते. जंतूंची वाढ होण्यास २४ ते ७२ तास लागत असल्याने निष्कर्ष हाती येईपर्यंत माल गोदामात राखून ठेवणे इष्ट असते. बाटलीवरील घाणा क्रमांक केवळ औपचारिक नसून दोष आढळल्यास नेमका तेवढा माल परत बोलावण्याचे ते साधन आहे.

कायदेशीर तरतुदी : अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत २९ सप्टेंबर २००० रोजी झालेल्या दुरुस्तीनुसार २९ मार्च २००१ पासून बाटलीबंद पाण्यास भारतीय मानक संस्थेचे प्रमाणचिन्ह सक्तीचे झाले. तथापि कीटकनाशकांचे अवशेष विहित परीक्षण पद्धतींना ‘शोधता न येण्याइतके’ असावेत, एवढीच तेव्हा अट होती आणि त्या पद्धती पुरेशा संवेदनक्षम नव्हत्या. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्ली येथील ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने दिल्ली व मुंबई परिसरांत विकल्या जाणाऱ्या पाण्याच्या वायु-वर्णलेखनाने केलेल्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले; बहुतेक नमुन्यांत असे अवशेष आढळले होते. परिणामी १ जानेवारी २००४ पासून प्रत्येक कीटकनाशकासाठी लिटरमागे ०.०००१ मिग्रॅ. व सर्वांसाठी मिळून ०.०००५ मिग्रॅ. अशी निश्चित मर्यादा लागू झाली. मानकाचे मोल त्यातील शब्दांइतकेच परीक्षण पद्धतीवरही अवलंबून असते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

पुढे २००६ चा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम व त्याखालील २०११ चे विनियम लागू झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये या विनियमांतील दुरुस्तीने प्रमाणचिन्हाची सक्ती वगळण्यात आली; मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये या पाण्याचा अतिजोखमीच्या अन्नपदार्थांत समावेश करून परवान्यापूर्वी पाहणी व दरवर्षी त्रयस्थ संस्थेकडून लेखापरीक्षण आवश्यक ठरविण्यात आले. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते.

लग्नसमारंभांत व कार्यालयांत सील नसलेल्या जारमधून पुरविले जाणारे थंड पाणी हे या अर्थाने बाटलीबंद पेयजल नव्हे. पाणी थंड व स्वच्छ दिसते एवढ्यावरून ते सुरक्षित मानणे योग्य नाही. ग्राहकाने अखंड सील, परवाना क्रमांक, घाणा क्रमांक व उत्पादनाची तारीख पाहून घ्यावी. आतील पाण्याची परीक्षा ग्राहकास करता येत नाही. ती करणाऱ्यास जबाबदार धरण्याचे हेच त्याच्या हातातील साधन होय.