रंग लावा… आणि पुसून टाका!

वीकेंडचा पॉटरी क्लास म्हणजे निव्वळ टाइमपास, असं वाटत होतं. मग मध्ये आलं आजीचं टीव्ही कव्हर!

तुमच्या घरी क्रोशाचं टीव्ही कव्हर होतं का हो? पांढऱ्याशुभ्र दोऱ्याचं, पुढे झालर सोडलेलं? आमच्याकडे होतं. टीव्ही चपटा होऊन भिंतीवर गेला, तसं कव्हर कपाटात गेलं. पुढे आमची मुलुंडची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि आवराआवरीत ते ‘टाकायचं सामान’ लिहिलेल्या खोक्यात जाऊन पडलं.

मी ते गुपचूप बाहेर काढलं. कव्हर आजीने विणलेलं. आजी आता ८४ वर्षांची आहे, नजर इतकी अधू झालीय की माणसं ती आवाजावरून ओळखते. क्रोशाची सुई हातातून सुटून पाच-सहा वर्षं झाली. तिच्या हातचं एवढं एकच काय ते घरात उरलं होतं.

सोमवार ते शुक्रवार मी ऐरोलीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते! शनिवारी ठाण्यात पॉटरी शिकायला जाते. डोक्यात आयडिया आली, की कव्हरचा ठसा मातीत घ्यायचा आणि आजीला टाइल बनवून द्यायची. हाय काय, नाय काय!

तीन टाइल्स, तीन चान्स

लाल मातीची जाडसर पोळी लाटली. त्यावर कव्हर पसरलं, वरून लाटणं फिरवलं आणि अलगद उचललं. आहाहा! दोरा होता तिथे खाच आणि जाळीची भोकं होती तिथे उंचवटा. एकेक टाका मोजून घ्यावा इतका स्पष्ट ठसा. दुसराही छान आला. तिसऱ्या वेळी कव्हर उचलताना जीर्ण दोरा टर्रकन फाटला. ठसा मिळाला, कव्हर गेलं. आता हातात होत्या फक्त तीन टाइल्स.

त्या हळूहळू वाळवल्या, एकदा भाजल्या. आता रंग. कव्हर पांढरं, म्हणून मी दुधासारखं पांढरं ग्लेझ उचललं आणि पहिल्या टाइलवर मस्त जाड थर दिला. भट्टीतून बाहेर आली ती गुळगुळीत, चकचकीत आणि सपाट टाइल. साबुदाण्याच्या खिचडीवर वाटीभर दही ओतावं, तशी आजीची सगळी नक्षी आत बुडाली होती. हात फिरवला तर बोटांनाही काही लागेना.

‘‘ही लो-फायरची गंमत आहे,’’ आमच्या मॅडम म्हणाल्या. पणती, कुंडी, माठ ही आपली ओळखीची लो-फायर भांडी. स्टुडिओत ही माती साधारण १००० ते ११०० डिग्री सेल्सिअसला भाजतात. स्टोनवेअर १२०० च्या पुढे जातं. तिथे बरीचशी ग्लेझेस वितळून वाहतात, कडांवर पातळ होतात, खाचांत साठतात आणि टेक्श्चर आपोआप उठून दिसतं. कमी तापमानाची ग्लेझेस बहुतेक वेळा लावली तिथेच बसून राहतात. त्यातून ग्लेझ अपारदर्शक आणि जाड असलं, तर खालची नक्षी संपलीच म्हणायची.

समईचं लॉजिक

‘‘घरी पितळी समई असेल ना? पीतांबरीने घासल्यावर काय दिसतं?’’ मॅडमनी विचारलं.

उंचवटे लखलखतात आणि खाचांत काळेपणा राहतो. त्या काळेपणामुळेच तर नक्षी दिसते! आपले ऑक्सिडाइज्ड झुमके याच लॉजिकवर चालतात. मातीवर हेच काम करतो कलर वॉश. वॉश म्हणजे पाण्यात कालवलेला पातळ रंग. तो सगळ्या टेक्श्चरवर फासायचा आणि ओल्या स्पंजने वरवरचा पुसून टाकायचा. उंचवटे स्वच्छ, खाचा रंगीत. शिवाय त्याला जाडी जवळजवळ नसतेच, त्यामुळे नक्षी बुजत नाही.

मला एवढं ज्ञान पुरेसं होतं! दुसऱ्या टाइलवर दणक्यात काळा वॉश लावला, जेमतेम पुसला आणि वर पारदर्शक ग्लेझ चढवलं. भट्टी उघडली तर ग्लेझ जागोजागी आकसून बाजूला सरकलेलं, तेलकट ताटलीवर पाणी थांबत नाही तसं. खाली रंगाचा थर जाड आणि पावडरसारखा राहिला, की ग्लेझला धड चिकटायला जागाच मिळत नाही.

उरली एक टाइल. आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की रोज टेस्टिंग करणाऱ्या मी एकही टेस्ट केली नव्हती.

गोणपाटावर प्रॅक्टिस

मग शहाण्यासारखी बसले. गोणपाटाचे ठसे घेतलेले बारा छोटे तुकडे भाजून घेतले आणि एकेकावर वेगळा वॉश लावला. पहिला अर्थातच लाल आयर्न ऑक्साइडचा. हा आपल्याला अनोळखी नाही. गेरूला त्याचा रंग देतो तो हाच. धारावीच्या कुंभारवाड्यात किंवा पुण्याच्या कसब्यात पणत्या-माठ घेतलेत, तर गेरूचा हात तुम्ही पाहिलेलाच असणार.

नुसतं ऑक्साइड पाण्यात कालवून लावलं तर इतक्या कमी तापमानाला ते नीट धरत नाही, बोटाला पावडर लागते. म्हणून त्यात फ्रिट मिसळायचं. फ्रिट म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच. ती भट्टीत पुन्हा वितळते आणि रंगाला मातीशी बांधून ठेवते. सुरुवातीला ऑक्साइड आणि फ्रिट निम्मं-निम्मं घ्यायचं, पाणी घालून दुधाइतकं पातळ करायचं. पांढऱ्या मातीवर हा तपकिरी वॉश झकास दिसला. माझ्या लाल मातीवर मात्र गेरूवर गेरू! मला छान वाटत होता, पण आजीच्या डोळ्यांना तो फरक कळला नसता. काळा बरा होता. पण आजीचा दोरा काळा?

अकराव्या तुकड्यावर पांढरं अंडरग्लेझ पातळ करून लावलं. फारच पातळ झालं, भाजल्यावर नाहीसंच झालं. बाराव्यावर थोडं दाट ठेवलं, दोन हात दिले, मग पुसलं. भट्टीतून निघालं तर विटकरी मातीवर पांढरे दोरे! इतका वेळ मी खाचा गडद करायच्याच मागे होते. माती गडद असेल तर खाचेत फिका रंग भरायचा, एवढं साधं होतं ते.

एकच टाइल

शेवटच्या टाइलवर पांढरा वॉश लावला तेव्हा पोटात गोळा आला होता. सगळी नक्षी पांढऱ्याखाली गडप. थोडं सुकू दिलं. घट्ट पिळलेला स्पंज हाताला सपाट धरून एकदाच फिरवला. बाजू बदलली, पुन्हा एकदा. स्पंज जास्त ओला असता तर पाणी खाचांत शिरून सगळा रंग वाहून गेला असता. एकेक फूल, एकेक साखळी वर येत गेली. वरून ग्लेझ लावलंच नाही. बोटांना खाचा लागायला हव्या होत्या ना!

आजी सध्या डोंबिवलीला काकाकडे असते. रविवारी टाइल तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती खिडकीच्या उजेडात डोळ्यांजवळ धरली.

‘‘हे पांढरं… माझं टीव्हीवरचं ना गं?’’

‘‘हो आजी. पण खरं सांगू? ठसा घेताना ते फाटलं. सॉरी.’’

तिने ऐकलं की नाही, कोण जाणे. तिचं बोट खाचेतून चाललं होतं, झालरीकडून मधल्या फुलाकडे, ओळीने. मध्येच थांबलं. मागे गेलं. पुन्हा तिथेच थांबलं.

‘‘इथे एक खांब कमी पडलाय बघ. तेव्हाच कळलं होतं मला, पण उसवायचा कंटाळा केला. आता तर काय, तू दगडावरच आणलंस!’’ आणि ती खुदकन हसली.

मी वाकून पाहिलं. खरंच एक खांब कमी होता. तीन टाइल्स केल्या, इतके शनिवार घालवले, पण हा बग काही मला सापडला नव्हता.

तुम्हालाही करायचंय?

• वॉश एकदा भाजलेल्या मातीवर लावा. तुकडा आधी किंचित ओला केलात तर पुसणं सोपं जातं. कोरडा ठेवलात तर रंग जास्त धरतो.

• फिकी माती असेल तर गडद वॉश, गडद माती असेल तर फिका वॉश.

• स्पंज सपाट धरा, दर वेळी स्वच्छ बाजूने फिरवा. बोटाने दाबून पुसलंत तर खाचेतलाही रंग निघतो.

• वर ग्लेझ हवं असेल तर वॉशचा थर पातळ ठेवा आणि पारदर्शक ग्लेझही पातळच लावा.

• कोबाल्ट फार जोरकस असतं, चिमूटभरही पुरतं. कॉपर आणि मँगनीज विषारी असतात, खाण्यापिण्याच्या भांड्यांवर नकोतच.

• पावडर कालवताना मास्क आणि ग्लोव्ह्ज घाला. स्पंजचं पाणी सिंकमध्ये ओतू नका. बादलीत ठेवून गाळ खाली बसू द्या.

• आणि हो, आधी टेस्ट करा. चांगली टाइल शेवटी!