वाटेत गळलेल्यांचा हिशेब

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांचं दार सगळ्यांना उघडं असतं. फी बेताची, अभ्यासक्रम दोन वर्षांचा, शिवाय नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांना बसायची सोय. इलिनॉयमधल्या जोलिएट इथे १९०१ साली असं पहिलं सरकारी कॉलेज निघालं. प्रवेश किती झाले, हे मोजणं सोपं होतं. आत आलेल्यांपैकी पदवी घेऊन किती बाहेर पडले, हे मात्र बरीच वर्षं कोणी फारसं विचारत नव्हतं.

१९९०च्या कायद्याने कॉलेजांना ते प्रमाण जाहीर करणं भाग पाडलं. पण मोजायची रीत एकांगी होती. पहिल्यांदाच प्रवेश घेतलेले, तेही पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थी धरायचे आणि दोन वर्षांच्या पदवीला तीन वर्षांची मुदत द्यायची. कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ शिकणारेच जास्त, आणि त्यांनाच हिशेबातून वगळलेलं! पदवीआधीच चार वर्षांच्या कॉलेजात गेलेला विद्यार्थीही ‘पदवी मिळालेली’मध्ये येत नसे. २०१५-१६पासून केंद्रीय शिक्षण खातं अर्धवेळ आणि दुसरीकडून आलेल्या विद्यार्थ्यांचीही माहिती मागवतं, आणि आठ वर्षांपर्यंत त्यांचा माग ठेवला जातो.

तरी एक प्रश्न उरतोच. एखाद्या योजनेतली मुलं पास झाली, तर ते योजनेचं यश की मुळातच हुशार, जिद्दी मुलं तिथे आली म्हणून? न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७मध्ये सुरू केलेल्या ‘असॅप’ योजनेपुढे हाच प्रश्न होता. तो सोडवण्यासाठी एमडीआरसी या संशोधन संस्थेने २०१०मध्ये सरळ चिठ्ठ्या टाकल्या. तीन कॉलेजांतले ८९६ विद्यार्थी घेतले. सगळे कमी उत्पन्नाच्या घरांतले, गणित किंवा इंग्रजीत कच्चे. निम्म्यांना योजनेत घेतलं, निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीनेच शिकू दिलं.

योजनेत जादू काही नव्हती. पूर्णवेळ शिकायची अट होती, कच्च्या विषयांचे वर्ग आधी उरकायचे होते. सरकारी मदतीनंतर उरलेली फी माफ, पुस्तकांचा खर्च कॉलेजचा. एरवी एका सल्लागाराच्या वाट्याला सहाशेच्या वर विद्यार्थी यायचे, इथे साठ ते ऐंशी. शिवाय दर महिन्याला भुयारी रेल्वे आणि बसचा फुकट पास. तो घरपोच येत नसे. सल्लागाराची भेट घ्यायची, मगच पास हातात. पासासाठी आलेला मुलगा गणिताचा पेपर बुडाल्याचं, कामाची पाळी बदलल्याचं बोलून जाई, आणि गाडी रुळावरून घसरायच्या आत सल्लागाराला कळे.

तीन वर्षांनी योजनेतल्या ४० टक्के विद्यार्थ्यांनी पदवी घेतली होती, इतरांपैकी २२ टक्क्यांनी. दर विद्यार्थ्यामागे खर्च सुमारे १६,३०० डॉलरने, म्हणजे ६३ टक्क्यांनी वाढला. हा आकडा पाहून कोणताही हिशेबनीस नाक मुरडेल. पण एकूण खर्चाला विद्यार्थ्यांऐवजी मिळालेल्या पदव्यांनी भागलं, तर दर पदवीचा खर्च उलट ११ टक्क्यांनी कमी भरतो. महाग दिसणारी योजनाच स्वस्त ठरते.

यश फक्त न्यूयॉर्कपुरतं असेल, ही शंका ओहायोने मिटवली. तिथल्या तीन कॉलेजांत हाच प्रयोग झाला, आणि तीन वर्षांत ३५ विरुद्ध १९ टक्के असा निकाल लागला. ही बाजू कबूल करावी लागेल, की योजनेतल्यांपैकीही अर्ध्याहून जास्त जण तीन वर्षांत पोचले नाहीत. सहा वर्षांनी न्यूयॉर्कमधलं अंतर ५१ विरुद्ध ४१ एवढंच राहिलं. काही जण उशिरा का होईना, योजनेशिवायही पोचले होते. मोजणी तीन वर्षांवर थांबवली नाही, म्हणून तेही दिसलं.

आपल्याकडेही बोर्डाच्या निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर काढतात. वाटेत गळलेले तिच्यात नसतात. तेव्हा मुलाचा प्रवेश घेताना कॉलेजला एकच विचारा: पहिल्या वर्षाला किती मुलं आली होती, आणि त्यांच्यातली किती शेवटी पास होऊन गेली?