कोळंबीची टरफले : कचरा नव्हे, कच्चा माल

मुंबईचा ससून डॉक असो वा रत्नागिरीचा मिरकरवाडा, कोळंबी सोलली की डोकी आणि टरफले उकिरड्यावर जातात. कोळंबीच्या वजनाचा हा जवळजवळ निम्मा भाग. म्हणजे व्यापारी ज्या मालाचे पैसे मोजतो, त्यातला निम्मा माल फेकून देतो!

या टरफलांत मुख्यतः प्रथिने, चुना आणि कायटिन असते. सौम्य कॉस्टिक सोड्यात उकळल्यास प्रथिने सुटतात. ती कोंबड्यांच्या व माशांच्या खाद्यात वापरता येतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात चुना विरघळतो. उरते ते कायटिन. तेच ४० ते ५० टक्के तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्यात तापवले की कायटोसान बनते. जखमेच्या पट्ट्या आणि पाणी शुद्धीकरण यांसाठी ते लागते. सांधेदुखीच्या गोळ्यांतील ग्लुकोसामाइनही कायटिनपासून काढतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने याचे तंत्र विकसित केले आहे.

मात्र असा कारखाना छोट्या व्यापाऱ्याच्या आवाक्यातला नाही. गोडे पाणी भरपूर लागते आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करावीच लागते. त्याने कच्चा माल नीट पुरवावा. टरफले काही तासांतच कुजू लागतात आणि प्रथिने हातची जातात. म्हणून सोलताच ती धुऊन बर्फात ठेवावीत किंवा त्याच दिवशी स्वच्छ फरशीवर वाळवावीत. वाळू मिसळू देऊ नये.

एका शेडचा माल थोडाच. चार-पाच शेडवाले एकत्र आले तर कारखानदाराशी भावाची बोलणी करता येईल. आपल्या होतकरू तरुणांनी याचा जरूर विचार करावा.