दोन दवाखान्यांच्या मध्ये

आकडे पाहिले तर महाराष्ट्राने बरीच मजल मारली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता आणि महाराष्ट्राच्या पुढे होतं ते फक्त केरळ. तरीही लाखाला ३३ म्हणजे राज्यात दर वर्षी काहीशे बायका बाळंतपणापायी जातात. त्या बहुतेक कुठल्या घरांतल्या असतात, हे वेगळं सांगायला नको.

या मृत्यूंवर बोलताना काही वाक्यं सर्रास ऐकू येतात. ती ऐकायला शहाणपणाची वाटतात, पण त्यांच्यापायी पैसा आणि मेहनत भलतीकडेच खर्ची पडते.

गैरसमज : दवाखान्यात नेलं की जीव वाचला

कुठल्या दवाखान्यात नेलं आणि किती वाजता, हे आधी विचारायला हवं. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा पालिकेचं छोटं प्रसूतिगृह सरळ बाळंतपणासाठी असतं. भूलतज्ज्ञ, रक्त आणि सिझेरियनची सोय तिथे सहसा नसते. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला, तर धडधाकट बाईसुद्धा दोनेक तासांत हातची जाऊ शकते. तो थांबवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं. वीज गेली आणि फ्रिज बंद पडला, तर औषध कपाटात असूनही त्याचा गुण येईलच असं नाही.

थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ मध्ये तीन उशीर सांगितले. घरात निर्णय घ्यायला होणारा पहिला, पोहोचायला होणारा दुसरा आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला होणारा तिसरा. आपल्याकडे भाषणं होतात ती पहिल्यावर, कारण त्यात दोष घरच्यांचा असतो. तिसऱ्याबद्दल बोलायचं तर यंत्रणेला आरशात पाहावं लागतं.

गैरसमज : शहरात काय अडचण, हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर

हा समज मुंबई परिसराइतका दुसरीकडे कुठे उघडा पडत नसेल. मुंबई, ठाणे, भिवंडी-निजामपूर, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, मिरा-भाईंदर, वसई-विरार अशा महानगरपालिका एकमेकींना खेटून उभ्या आहेत. प्रत्येकीचं प्रशासन वेगळं आणि प्रसूतिगृहंही वेगळी. केईएम, सायन, नायर ही रुग्णालयं मुंबई महापालिकेची, तर कामा आणि जेजे राज्य सरकारची. मुंबईचे जकात नाके २०१७ मध्ये उठले, पण कागदावरच्या हद्दी काही उठल्या नाहीत.

एक उदाहरण कल्पून पाहू. यंत्रमागाच्या गल्लीत राहणारी एक बाई आठव्या महिन्यात आहे. डोकं ठणकतंय, पायांना सूज आहे आणि रात्री बीपी १६०/११० भरलं. झटके येण्याआधीची ही अवस्था. जवळच्या प्रसूतिगृहातून तिला ‘वर’ पाठवलं जातं. मोठ्या रुग्णालयात खाट नसते, म्हणून आणखी वर. तिच्या नवऱ्याच्या हातातली चिठ्ठी पाहा : ‘पुढील उपचारासाठी पाठवत आहे’, खाली न वाचता येणारी सही. बीपी किती होतं, झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट दिलं का, दिलं तर किती वाजता, रक्तगट कोणता, यातलं त्यावर काही नाही. पुढच्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून करावं लागतं आणि रात्रीचा पाऊण तास तिथेच जातो. या सगळ्यात एकही माणूस दुष्ट किंवा आळशी असण्याची गरज नाही. प्रत्येकाने आपापल्या हद्दीतलं काम केलं, तरी ती बाई मधल्या मध्ये अडकते.

शेजारशेजारच्या यंत्रणांनी हद्दी ओलांडून मिळून काम करणं म्हणजे ‘प्रादेशिक भागीदारी’. हा बोजड शब्द खरं तर या मधल्या जागेसाठी आहे. सायन रुग्णालयाच्या नवजात विभागात आयुष्य घालवलेल्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था सुरू केली. मुंबई आणि आसपासच्या महापालिकांबरोबर या संस्थेने जे काम केलं, त्याचा एक भाग वरवर पाहता अगदी कारकुनी वाटतो : कोणती केस कुठे ठेवायची, कोणती वर पाठवायची, पाठवण्याआधी फोन कुणाला करायचा, चिठ्ठीत काय काय लिहायचं, हे वेगवेगळ्या पालिकांच्या डॉक्टरांनी एका टेबलाभोवती बसून ठरवणं. फीत कापायला इथे काही नसतं, म्हणून अशा कामाचे फोटोही छापून येत नाहीत. माझ्या मते मात्र चार कोटींच्या नव्या इमारतीपेक्षा नीट भरलेली चिठ्ठी आणि आधी केलेला फोन यांनी जास्त जीव वाचतील.

गैरसमज : बायकांना कळत नाही, म्हणून त्या येत नाहीत

त्यांना कळतं. पण आठ दिवस आधी दवाखान्याजवळ येऊन राहायचं, तर रोज बुडतो, घरची धाकटी पोरं कुणाकडे टाकायची हा प्रश्न असतो आणि सोबत येणाऱ्याचाही रोज बुडतो. हे ओळखूनच राज्याने आदिवासी भागात आरोग्य केंद्रांशेजारी ‘माहेरघर’ योजना आणली. तारखेच्या काही दिवस आधी गरोदर बाईने सोबतीला एक माणूस आणि लहान मूल घेऊन तिथे राहावं, अशी ती कल्पना. जिथे जेवणाची आणि बुडालेल्या मजुरीची सोय होते, तिथे बायका येतात. नुसती खोली बांधून ठेवली, तर ती रिकामी राहते.

स्थलांतराचं दुखणं याहून मोठं आहे. दिवाळीनंतर बीडचे ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात उतरतात, पालघरचे कातकरी वीटभट्ट्यांवर जातात. पोटुशी बाई सहा महिने गावातल्या ज्या आशा कार्यकर्तीच्या वहीत नोंदलेली असते, ती आशा मागे गावी राहते. नव्या जागी ही बाई कुणाच्याच यादीत नसते. इथे एका जिल्ह्याने दुसऱ्या जिल्ह्याला कळवलं नाही, तर बाकीच्या जनजागृतीला काही अर्थ उरत नाही.

गैरसमज : नवजात बाळाला डॉक्टर आणि काचेची पेटीच वाचवू शकते

या समजाला गडचिरोलीने पंचवीस वर्षांपूर्वीच उत्तर दिलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. बाळाला झोळीत घालून वजन करायचं, घड्याळ लावून श्वास मोजायचे, ते मिनिटाला साठ किंवा जास्त भरले तर सावध व्हायचं, बाळाने अंगावर ओढणं सोडलंय का ते पाहायचं, आणि जंतुसंसर्ग वाटला तर अँटिबायोटिक सुरू करायचं. त्यात जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा होतं. गावातल्या बाईने तान्ह्या बाळाला सुई टोचायची, ही कल्पना तेव्हा अनेक तज्ज्ञांना रुचली नव्हती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर उतरला होता. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत तो जवळपास होता तिथेच राहिला.

२०११ मध्ये केंद्राने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर लागू केला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने जायचं. जन्म घरी झाला असेल तर पहिल्या दिवशीही. मात्र गडचिरोलीतल्या आरोग्यदूताच्या पाठीशी सतत देखरेख होती आणि अडलं तर विचारायला माणूस होतं. आज आशाच्या अंगावर सर्वेक्षणांचा ढीग टाकून तिच्याकडून तोच गुण मागणं हा अन्याय आहे.

राहिली पेटी. कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या उघड्या छातीशी धरलं, तर मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी होतात, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात दिसलं. आईला पान्हा फुटला नसेल तर दुसऱ्या आईचं दूध देता येतं. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये डॉ. फर्नांडिस यांनी सायनमध्येच उभी केली.

गैरसमज : भागीदारी झाली म्हणजे काम झालं

तसं अजिबात नाही. गुजरातने २००५ मध्ये ‘चिरंजीवी’ योजनेत खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांशी करार केला. गरीब बायकांनी त्यांच्याकडे फुकट बाळंत व्हावं, पैसे सरकार देईल. तिचा मोठा गाजावाजा झाला. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात मात्र या योजनेमुळे दवाखान्यातली बाळंतपणं ठळकपणे वाढल्याचं आढळलं नाही.

झारखंड-ओडिशात ‘एकजूट’ संस्थेने बायकांचे गट जमवले. त्या गटांत बायकांनी आपले प्रश्न आपणच मांडले आणि सोडवले, आणि नवजात मृत्यू स्पष्टपणे घटले. तीच पद्धत मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणली, तेव्हा २०१२ च्या निष्कर्षात फरक दिसला नाही. शहरात बहुतेक बायका आधीच दवाखान्यात जात होत्या. अडचण घराच्या उंबऱ्यावर कमी आणि पुढच्या वाटेवर जास्त होती. भागीदारी करायची तर गाठ नेमकी कुठे बसली आहे ते आधी पाहावं लागतं.

आणि संस्था आली म्हणून सरकारची जबाबदारी उतरत नाही. रक्तपेढी, ॲम्ब्युलन्स आणि मध्यरात्री हजर असलेला भूलतज्ज्ञ यांची सोय सरकारनेच करायची असते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण आणि येण्या-जाण्याचं वाहन मोफत आहे. दारिद्र्यरेषेचं कार्ड त्यासाठी लागत नाही. आजारी बाळाचे उपचारही एक वर्षापर्यंत फुकट आहेत.

तुमच्याकडे धुणंभांडी करणारी, शेजारच्या बांधकामावर राबणारी कुणी गरोदर असेल, तर तिच्याकडे माता-बाल संरक्षण कार्ड आहे का ते विचारा. नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन काढून द्या. रक्तगट आणि मागच्या वेळचं बीपी त्यावर लिहून घ्या, आणि कुठलाही दवाखाना पुढे पाठवू लागला तर तिथून निघण्याआधी फोन करायला लावा. गाडीसाठी १०२ आणि १०८ हे दोन्ही क्रमांक तिच्या मोबाइलमध्ये आजच टाकून द्या.